केतकी बोटीवर गेली

१२ मे, सेंदाई
लॅबप्रमुख ओगावा सेन्सेईंनी आज सांगितलं. मदतीची बोट योकोहामाहून युद्धात अडकलेल्या एका बंदराकडे निघणार. औषधं, तांदूळ, तंबू, आणि आमचं समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. सुनामीनं इथल्या विहिरी खाऱ्या झाल्या तेव्हा सुरू केलेलं काम. तिकडे युद्धात शहराचे पाण्याचे पंप उडवलेत, रस्ते बंद, जाता येतं ते फक्त समुद्रातून. सोबत लॅबचं एक माणूस. केतकी.
पुण्यापासूनची मैत्रीण, शेजारचं टेबल. फिल्टर तिचा, पंप माझा.
सेन्सेई मला म्हणाले, "तुमची मुलगी लहान आहे." बरोबरच आहे. विचारलं मात्र नाही कुणी.

१४ मे
मिहिर खूश. "सुटलीस! बॉम्ब पडतायत तिथे." नवऱ्यानं असंच म्हणायला हवं. तरी भांडले.
के. निरोप घ्यायला आली. तिला आवडतात म्हणून थालीपीठं. खाता खाता म्हणाली, "मला वाटलं, तू नाहीच म्हणशील." म्हणजे हिला आधीच विचारलं होतं!
पुढचं थालीपीठ करपलं. मुद्दाम नाही. बहुतेक.

२१ मे, योकोहामा
क्रेननं यंत्र उचललं. ईरानं जपानीत विचारलं, "ममा नाही जाणार?" उत्तर के.नं दिलं. "ममा तुझ्याजवळ राहणार." इतक्या गोड आवाजात. हेल्मेट शोभत होतं तिला.

३ जून
पेपरात फोटो. डेकवर के., हात पंपावर. माझ्या पंपावर.
कचरा टाकायला गेले तर शेजारच्या बाई, "तुमची मैत्रीण ना? केवढी धाडसी!" हो म्हटलं, आणि बाटल्या कॅनच्या जाळीत टाकल्या. परत काढल्या.
पुण्याहून आई: "तिच्या आईला काय वाटत असेल गं, नाही?" आईसुद्धा.

९ जून
ईराला पाळणाघरातून आणत होते, के.चा फोन. बोट बंदराबाहेर, आत जायची परवानगी आजच्यापुरती, आणि यंत्र चालेना. दाब चढतच नाही.
"किनाऱ्यावर लोक डबे घेऊन उभेत. दुर्बिणीतून दिसतात गं. काय करू?"
दोन गोष्टी एकदम मनात आल्या. पंपात हवा अडकलीय. आणि, बरं झालं.
सायकल भिंतीला टेकवली. रस्त्यातच उभी राहून सांगितलं, "पाणी आत येतं त्या पाइपचा वरचा स्क्रू सैल कर. बुडबुडे थांबेपर्यंत वाहू दे. मग घट्ट."
थोड्या वेळानं फोनमधून पंपाचा आवाज आला. ओळखते मी तो. के. रडायला लागली. मी नाही.

११ जून
बोट परवाच आत गेली. यंत्र धक्क्यावर उतरवून पाणी वाटलं. सेन्सेई म्हणाले, "केतकी-साननी ऐन वेळी बिघाड काढला." टाळ्या. मीही वाजवल्या.
मि. म्हणतो, "सांग की त्यांना." सांगितलं तर कशी दिसेन?

१२ जून
सेन्सेईंनी खोलीत बोलावलं. उपाय माझा होता हे के.नं स्वतः कळवलंय. वाकून माफी मागितली त्यांनी.
म्हणजे मोठेपणाही तिचाच.

१५ जून
बंदरावर तोफगोळे. बोट घाईनं बाहेर काढली. यंत्र धक्क्यावर राहिलं, आणि के. त्याच्यापाशी. कप्तान वर बोलवत होता, ही म्हणाली, "बंद पडलं तर चालवणार कोण?" फोन लागत नाही.
तिच्या आईला मीच कळवलं. "तू अडवायचं होतंस गं तिला," म्हणाल्या.

१८ जून
अजून काही नाही. दुसरी बोट भरतायत. सेन्सेईंनी आज मला विचारलं, याल का? उद्या सांगते म्हटलं.
सकाळी ईराच्या डब्यासाठी भाताचे गोळे वळताना डोळे वाहायला लागले. "काय झालं?" मि.
"केतकीची काळजी."
आहेच काळजी. झोप नाही. पण त्या क्षणी डोळ्यांसमोर होतं ते एवढंच, ती धक्क्यावर उभी, माझा पंप चालू, कोपरापर्यंत हात ओले.