७३९३९१३३

१ जुलै
अमरावती सुटली, अकोल्यात आले एकदाची! बडनेऱ्याला गाडी रखडली, इथे ऑटोवाल्याशी भांडण झालं, तरी मन खूश आहे. जठारपेठेत शिकवणी वर्गाच्या वरचीच खोली मिळाली. धाकटी बहीण आचल बारावीसाठी माझ्याजवळच राहणार. आई गेल्यापासून तिला मीच आहे. बॅच सात पोरांची, आचल धरून.

३ जुलै
माझी लाडकी संख्या शिकवली. एकेका अंकाचा पुठ्ठा एकेकाच्या हाती देऊन पोरांना ओळीने उभं केलं. अंक आठ, पोरं सात, म्हणून डाव्या टोकाला ७ घेऊन मी स्वतः. शेजारी ३ घेऊन आचल, मग ९ घेऊन अपेक्षा, पुढे बाकीचे. ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. गंमत म्हणजे उजवीकडून एकेक अंक काढत जा, उरते ती प्रत्येक वेळी मूळ संख्याच! उजव्या टोकाच्या नितेशला म्हटलं, तू जा. तो हसत बाहेर गेला आणि तास संपला.

५ जुलै
नितेश आला नाही. घरी गेले तर त्याची आई म्हणते, आमाले एकच पोरगी हाय, पोरगा कुठला? दारात त्याची सायकल उभी! मी आवाज चढवला तर तोंडावर दार लावलं. वर्गाचे मालक शालिकराम सरही तेच. म्हणे, बॅच पहिलेपासून सहाचीच हाय मॅडम, तुमी कावून तापून राहिल्या? चीड येते या माणसांची.

८ जुलै
आता परवेज. उजवीकडून दुसरा. त्याच्या अब्बांना भर दुकानात फटकारलं. ते नुसते गोंधळून बघत राहिले. म्हणजे कुणी नाटक करत नाही. नितेशला जा मी म्हटलं होतं. परवेजला कोण म्हणालं?

१० जुलै
अमरीन गेली. काल रात्री पुठ्ठे फाडले, जाळले. सकाळी बाकांवर पुन्हा ठेवलेले — सांगितलं तर शालिकराम सर हसतात. मूर्ख माणूस!

१३ जुलै
पियुष. मग आकांक्षा. उरले ७३९. आम्ही तिघी. आता अपेक्षा जाईल, मग आचल — नाही. तिला हात लावून दाखव मेल्या, कोण असशील तो!

१४ जुलै
डोकं ठिकाणावर असतं तर आधीच सुचलं असतं. डावीकडून काढायचा! ७ गेला की ३९. तेर त्रिक एकोणचाळीस. भाग जातो. साखळी तुटते, पोरी वाचतात —
७ म्हणजे मी.
दोघींसमोर पुठ्ठा टेबलावर आपटला. म्हटलं, मी जाते.

१५ जुलै
सकाळी अपेक्षा वर्गाला आली. आचल आहे. जिंकले!
आचल फोनवर अपेक्षाला सांगते आहे, मी एकटीच राहतो, तं इथं दोन पलंग कावून टाकले काय माहीत — ओरडले. तिने मान वळवली नाही. माझी उशी उचलून — आचल, इकडे बघ. तुझ्यासाठीच गं — मी तुझी