दीप्तीचा दाखला

कोलशेत, ५ जुलै २०२४

ती. दादास सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू दोन मिनिटांत चिडतोस आणि कट करतोस, म्हणून पत्र. कागद कट करता येत नाही.

माझं डावं मनगट मोडलंय. घाबरू नकोस, लिहायचा हात शाबूत आहे. माझ्या नववीच्या वर्गातली सान्वी शाळा उघडल्यापासून आलेली नाही. वाटेत छेड काढणाऱ्या पोराला तिने कंपासपेटी फेकून मारली, म्हणून बापाने, तानाजीने, तिला पट्ट्याने झोडपून घरी बसवलं. मी तिसऱ्यांदा समजवायला गेले, तर त्याने दाराचा अडसरच हातावर घातला. आता वरमलाय, बायकोला माझी विचारपूस करायला पाठवलं होतं. महिनाअखेरीस पटावरून तिचं नाव कमी होईल, त्याआधी मी पुन्हा जाणार.

तुझी दीप्ती दहावीला गेली ना? तिचा फोन का लागत नाही?

लोभ आहेच, थोडा वाढव.

तुझी,
मेघना

शहाड, १० जुलै

चि. मेघनास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. माझ्या बहिणीवर हात टाकणारा हा कोण टिकोजीराव? पत्ता तू देणार नाहीस, म्हणून तुझ्या संदेशकडून काढून घेतला. भाचा मामाला नाही म्हणत नाही. रविवारी येऊन त्याचा तोच हात मोडतो. बाईवर आणि लेकरावर मर्दानगी दाखवतो, लाज नाही मेल्याला.

दीप्ती घरीच असते. स्टेशनबाहेर एकाने ओढणी ओढली, हिने दगडाने त्याचं डोकं फोडलं. पाच टाके पडले. शाळा काही म्हणाली नव्हती, मीच दाखला काढून कपाटात ठेवला. पट्ट्याने दोनदा समजावलं, फोन फोडला. आता गप्प आहे. त्यात तू पडू नकोस, आमच्या घरची गोष्ट वेगळी आहे.

हाताला जप.

तुझा दादा,
रवींद्र

कोलशेत, १६ जुलै

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. तू रविवारीच येऊन गेलास, माझ्या घरी न डोकावता.

सान्वीच्या दाराला कुलूप आहे. शेजारच्या बायजाबाई म्हणाल्या, तू तानाजीला ओट्यावर आपटलंस, हात पिरगाळून मोडलास. काल सकाळी तो बायको-पोरीला घेऊन निघून गेला. कुठे, कोणालाच ठाऊक नाही. सोमवारी पोरगी वर्गात असेल, असा शब्द त्याने शुक्रवारी मला दिला होता रे.

पोरीला पट्ट्याने मारतो, घरी बसवतो, म्हणून तू त्याला मारलंस ना? मग दीप्तीसाठी तुझ्या दारात मी कोणाला पाठवू?

मेघना

शहाड, २२ जुलै

चि. मेघनास आशीर्वाद.

तुझं पत्र चुरगळलं, मग पुन्हा सरळ केलं. बायजाबाईंनी न पाहिलेलं सांगतो. तानाजी पडल्यावर सान्वी मध्ये आली. हात जोडून म्हणाली, काका, तुम्ही जाल, मग हे सगळं माझ्यावर निघेल. तरी मी आणखी एक लाथ घातली.

शर्टावर रक्त घेऊन घरी आलो. दीप्तीने पाहिलं, खुंटीवरचा पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि पाठ करून उभी राहिली. मी तोंडही उघडलं नव्हतं गं. तिथेच बसून रडलो.

आज दाखला परत नेऊन दिला, दहावीला नाव घातलं. मुलगी घरी का होती, असं बाईंनी विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं. सान्वीला शोधायला तू म्हणशील तिथे येतो, या वेळी हात बांधून.

पट्टा नाल्यात टाकणार होतो, तो दीप्तीने मागून घेतला. दप्तरात ठेवते. वाटेतल्या पोरांसाठी, असं म्हणते. पण घरी मी असलो की ती दप्तर मांडीवरून खाली ठेवत नाही.

लोभ ठेवशील का, एवढं कळव.

तुझा दादा,
रवींद्र