रविवारची मूठ

पिंपळगाव राजा,
रविवार, दि. १७ नोव्हेंबर २०२४

प्रिय भाऊ शांतवन यास,

तुह्या अक्काचा प्रभूच्या नावात सलाम. सूनबाईले आशीर्वाद, लेकरायले मुके. इकडं समदं बरं हाय. कपाशी वेचणीले आली, थंडी पडून राह्यली. फोनवर मले धड बोलता येत नाही, म्हणून पत्र. अक्षर शेजारच्या पूनमचं हाय. माह्या चष्म्याची काडी मोडली.

मागं तू म्हटलं, "अक्का, गावात आपली घरं राह्यली किती? ते चर्च आता काय कामाचं? एकटी काऊन राहतेस, पुण्याले ये." मी फोनच ठेवून देल्ला. राग आला होता.

तुले मायची मूठ आठवते ना रे? भाकरीचं पीठ घेतलं का पयले एक मूठ मडक्यात. बाबा कुरकुर करत, "आपल्यालेच पुरत नाही, अन् इची दानत पाहा!" रविवारी उपासना झाली का समद्या बायायचं पीठ एकाच परातीत. कोणाची मूठ लहान, कोणाची मोठी, मंग काही कळे नाही. ज्याची चूल थंड त्याच्या घरी ते जाये, मंग तो देवळात जाणारा का असेना. आपण दोघं मायच्या मागं मागं, अन् वापस येताना तू मोठ्यानं गीतं म्हणे. काय दिवस होते!

मायनंतर परात मीच फिरवत होते. मागच्या रविवारी मी उपासनेले गेले नाही. दुपारी चर्चातली तानाबाई परात घेऊन दारात. मले वाटलं, माही मूठ राह्यली. "थांब वं," म्हटलं, अन् पूनमले मडकं आणाले लावलं. तानाबाई तशीच उभी.

"अक्का, न्याले नाई, द्याले आली मी."

माह्या अंगाचा तिळपापड झाला. "वापस ने! भिकेले नाही लागली मी अजून!"

ती जागची हलली नाही. "माहा धनी गेला तवा तू आली होतीस. मी लावलं का तुले वापस? घेणं काय आमच्याच वाट्याले ठेवलं व्हय?"

रडली मी. तिनंच चूल पेटवली, भाकरी टाकली, अन् मले भरवली.

हो, भरवली. काडी मोडली ते खोटं हाय, शांतवन. दसऱ्यापासून माहा उजवा हात चालत नाही. लकवा मारला. डॉक्टर म्हणते, हळूहळू सुधरीन. तुले कळवलं असतं तर तू गाडी घेऊन आला असतास अन् मले उचलून नेलं असतं. तुहा जीव मले ठाऊक नाही का!

पण त्या रविवारपासून इथं रोज चर्चातली एक बाई येते. भाकरी टाकते, वेणी घालते, जाताना प्रार्थना करते. पूनमची आजी रुक्मिणीबाई आपली देवपूजा आटपून येते, तीबी आमच्यात बसते. चर्च हे असं कामाचं हाय, भाऊ. याच्यापेक्षा मोठं मले सांगता येत नाही.

मायच्या मातीनंतर तू गावात पाय ठेवला नाहीस. नाताळाले ये. मले न्याले येऊ नको. भेटाले ये.

तुह्या वाटेकडं डोळे लावून बसलेली,
तुही अक्का,
सत्यभामा