यंत्राला अठ्ठावीस वर्षं मागे नेण्याचा उपाय

आयोवा, १८ ऑक्टोबर १९९९

आदरणीय केसदादा,

तुला आणि विल्मावहिनींना गेरिटचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे सुधारले असतील अशी आशा आहे. माझे होते तसेच आहेत. (वहिनींनी विणलेला स्वेटर पोचला. आखूड आहे, पण त्यांना सांगू नकोस.)

लिहायचं ते आपल्या पशुखाद्य सोसायटीच्या कॉम्प्युटरबद्दल. त्याचा प्रोग्राम १९६८ साली मीच लिहिला आणि जागा वाचवायला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले. येत्या जानेवारीत ते दोन शून्यं होतील आणि यंत्र समजेल की १९०० साल उजाडलं. चेअरमन लेलंड (वय चव्वेचाळीस, पण बोलतो सत्तरीतल्यासारखा) म्हणाला, सगळं फेकून देऊ आणि बाहेरची कंपनी बोलावू. मी पंधरा दिवस मागून घेतले. आयुष्यात दुसरं काही टिकाऊ मी केलेलं नाही, हे तुला ठाऊकच आहे.

उपाय असा, की अठ्ठावीस वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा जसेच्या तसे जुळतात. तेव्हा यंत्राला सांगायचं की हे १९७१ आहे आणि छापताना अठ्ठावीस मिळवायचे. यंत्राने मुकाट्याने ऐकलं. (यंत्रं ऐकतात. अडचण सभासदांची असते.) सोमवारी खाद्याच्या चिठ्ठ्या काढल्या. सभासद अठरा वर्षांचा हवा ही अट मी विसरलो होतो, यंत्र विसरलं नव्हतं. लेलंडच्या चिठ्ठीवर छापून आलं, की सभासद सोळा वर्षांचा आहे, वडिलांची सही आणावी. त्याचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. ऑफिसातल्या डार्लाची चिठ्ठी तर निघालीच नाही, आणि तिच्या घरी चाळीस डुकरं खाद्याची वाट बघत होती.

"गेरिटकाका, हे म्हणतंय माझा अजून जन्मच झालेला नाही," ती म्हणाली. "मग मी आज कामावर कशाला आले?"

मग मी सगळ्यांच्या जन्मसालातूनही अठ्ठावीस वजा केले आणि तरणी मंडळी ताळ्यावर आली. शुक्रवारी लेलंडने आपली चिठ्ठी दोनदा वाचली.

"चालतंय की. हेच ठेवू," म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. मी हात मिळवला, बाहेर येऊन गाडीत बसलो आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. असं सगळं सुरळीत पार पडलं.

तुझा धाकटा भाऊ,
गेरिट

ता. क. सगळं सुरळीत पार पडलेलं नाही. १९२८ च्या आधी जन्मलेल्यांचे अठ्ठावीस वजा केले की ते मागच्या शतकात जातात, आणि दोन आकड्यांत लिहिल्यावर यंत्राला वाटतं, ही माणसं अजून जन्मायची आहेत. असे अकराजण निघाले, त्यांत तू आणि मी. सगळ्यांना मी हाताने १९२८ साली जन्माला घातलं. सोबतच्या कागदावर तुझा जन्म त्या सालचा असल्याची सही करून लगेच पाठव. तुझ्या नावावरचं खाद्य तुझाच पोरगा उचलतो, तेव्हा टाळू नकोस. लेलंडला यातलं काही माहीत नाही.

ता. ता. क. सही करताना तारीख वाचशीलच, म्हणून आधीच सांगतो. माझं नाव आधी भरलं गेलं, त्यामुळे मी जानेवारीतला आणि तू नोव्हेंबरातला. कागदोपत्री थोरला आता मी. मध्ये आईला दहा महिने मिळतील एवढी काळजी घेतली आहे.