नावाची कोरी जागा

भिलाई, कॅम्प नंबर एक
१२ मे १९५८

प्रिय नलू,

पत्र पोस्टाने आलं नाही म्हणून गोंधळू नकोस. ज्याने आणलं त्याला अंगणातच बसव, मायला अजून हाक मारू नकोस आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाच. लहानपणी तू माझी पाटी अर्धी वाचूनच भांडायला यायचीस. आज तसं करू नकोस.

आपल्या गावात विंचू उतरवायची चिठ्ठी असते ना, तशी इथल्या शेजारच्या मरोदा गावातल्या अंजनाबाईची बोलावण्याची चिठ्ठी. बांबूच्या लेखणीने लिहायची आणि खाली नाव घालायची. ती जात्याखाली ठेवली की ज्याचं नाव असेल तो माणूस, असेल तिथून, घरी यायला निघायचा. पण म्हातारी दिवसाला दोनच लिहायची, आणि बाया तिच्या ओट्यावर आठ-आठ दिवस बसून राहायच्या. मला त्यांची कीव आली. खरं सांगू, थोडी शेखीही मिरवायची होती. ऑफिसातलं सायक्लोस्टाइलचं मशीन माझ्याच हाताखाली. तिच्या पुढ्यात बसून मी तिची अक्षरं जशीच्या तशी स्टेन्सिलवर कोरली, नावाची जागा कोरी ठेवली आणि रविवारी हँडल फिरवत बसलो. पाचशे कागद निघाले. पहिला कारखान्याच्या बांधकामावरच्या सुखरामच्या बायकोने गावी नेऊन भरला, आणि तिसऱ्या दिवशी सुखराम भर कामातून फावडं टाकून स्टेशनकडे चालू लागला. आम्ही पोट धरून हसलो.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. नाव घालण्याआधी अंजनाबाई बाईचा हात धरून विचारायची, ‘जियत हे ना?’ जिवंत आहे ना? आणि उत्तर येईपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहत राहायची. कितीतरी जणींना तिने तसंच परत पाठवलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची बडबड. कागदावर ते कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून मीही कोरलं नाही.

बाबुलाल ट्रेनिंगला रशियाला गेला, असं मी दिवाळीत मायला सांगितलं. तू गावभर साखर वाटलीस. नलू, आपला बाबू कुठेही गेला नाही. दसऱ्यानंतर तीन दिवसांच्या तापाने तो माझ्या मांडीवर गेला. रिसालीच्या नाल्याकाठी मी त्याला माती दिली. मायला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मीच त्याला बांधावरून उठवून इथे आणलं होतं. एकदा खोटं बोललो आणि मग दर महिन्याला त्याच्या नावाने खुशाली लिहीत गेलो.

मार्चमध्ये तुम्हाला दहा कागद पाठवले, तेही मीच. वाटलं, आठवण आली की माय ‘केवल’ असं माझं नाव भरेल. तू तिला पाटीवर आपल्या तिघांची नावं शिकवलीस, तेवढीच तिला लिहिता येतात. ती म्हणाली असेल, केवल त येतच रायते, आता बाबूलेच बलावा लागते.

काल दुपारी बाबू बाजारात माझ्यासमोर उभा राहिला. केसांत, पापण्यांवर, अंगभर लाल मुरूम. कोणी वळूनही पाहिलं नाही. इथे सगळेच तसे दिसतात. म्हणाला, ‘दादा, मायनं बलावलं. रस्ता आठवून नाई रायला.’ ऐन मे महिन्यात तो कुडकुडत होता. मी त्याला धरून ठेवायला गेलो, तर त्याच्या ओढीने माझेच पाय स्टेशनकडे वळले. त्याला स्टेशनवर बसवून मी नाल्याकाठी जाऊन पाहिलं. माती आतून उकरलेली होती. शेजारी आणखी चार ठिकाणीही.

अंजनाबाई म्हणते, ज्या हाताने नाव लिहिलं त्याच हाताने, जाणूनबुजून पुसायला हवं. चोरून कागद जाळून चालणार नाही. आणि त्याआधी त्याने घरचा घास खाल्ला, तर तो परत जाणार नाही. मायच्या डोळ्यांदेखत असाच राहील. खरं तर मी यायला हवं होतं. बाकीचे कागद गोळा करायला थांबलो, असं लिहिणार होतो. पण ते निम्मंच खरं आहे. मायसमोर उभं राहायची माझी छाती नाही. म्हणून आमगावचं तिकीट बाबूच्या खिशात घातलं आणि हे पत्र त्याच्याच हाती दिलं. तू मायला खरं काय ते सांग, तिच्याकडून नाव पुसून घे. तो अंगणातून भूक लागली म्हणेल. भाकरीची टोपली तुझ्या हाताशीच असेल. देऊ नकोस, नलू.

तुझाच अपराधी दादा,
केवलराम