यानात न चढलेली मुलगी

बाबा, तुमच्या गोष्टीतली मुलगी त्यांनी यानात चढवली. काल संध्याकाळी कर्वेनगरच्या एका छोट्या हॉलमध्ये त्या गोष्टीवरच्या नव्या मालिकेचा पहिला खेळ होता, तिथे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी भांडायची सवयही मोडली होती. आज पुन्हा भांडायला बसले आहे.

तुमच्या गोष्टीतल्या लाल मातीच्या ग्रहावर माणसं आपापलं सुखाने जगत असतात. एक दिवस पृथ्वीवरच्या सरकारचा हुकूम येतो, तुमच्या सुरक्षिततेसाठी सगळ्यांनी परत या. सगळे निमूट यानात बसतात. एक मुलगी बसत नाही. "मला कुणी विचारलं नाही," एवढंच म्हणते आणि एकटी मागे राहते. तेवढ्या एका वाक्यासाठी तुम्ही ती गोष्ट लिहिलीत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सुचवलं की शेवटी सरकार येऊन तिला वाचवतं असं करा, वाचकांना बरं वाटेल. तुम्ही कथा परत घेतलीत, स्वतः पुस्तक छापलंत आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून त्यावर सिनेमाही काढलात. आता मोबाईलवर बघायच्या त्या मालिकेत काय होतं, तर पिकल्या केसांचा, गोड आवाजाचा एक सरकारी अधिकारी येतो, गुडघे टेकून तिच्या केसांवरून हात फिरवतो आणि ती त्याचं बोट धरून यानात जाते. मागे सनई वाजते. तुमच्या गोष्टीत सनई, बाबा! मग पडद्यावर नावं येतात. त्यात जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली तुम्ही, 'मूळ कल्पना' म्हणून.

दिग्दर्शक मुलगा नागपूरकडचा, आयटीतली नोकरी सोडून या नादाला लागलेला. वाकून नमस्कार केला, त्यामुळे माझा निम्मा राग तिथेच वाया गेला. "काकू, कसं वाटलं?" मी म्हटलं, "शेवट कुणाला विचारून बदललात?" तो गोंधळला नाही. "अहो काकू, सरांनीच तर परमिशन दिलीय." पाठीवरच्या सॅकमधून त्याने तुमचं पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. ही गोष्ट कुणीही घ्यावी, छापावी, हवी तशी बदलावी, लेखकाला विचारत बसू नये. "विचारत बसू नये असं लिहिलंय, काकू. मी विचारलं असतं तर सरांचा अपमानच झाला असता ना?" पुण्यात राहून एवढं तो नक्की शिकला आहे.

ते पान! तुमच्या प्रत्येक पुस्तकात ते होतं आणि मला लहानपणी त्याचा केवढा अभिमान वाटायचा. विचारावर कुणाची मालकी नसते, माणसावर तर नसतेच नसते, हे तुम्ही मंडईमागच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचात. सरकारी पगार खायचा नाही म्हणून पाटबंधारे खात्यातली कायम नोकरी सोडलीत. सिनेमाला अनुदान मिळत होतं, घेतलं नाहीत. सेन्सॉरकडे पाठवायला नकार दिलात, "मी काय दाखवायचं ते चार अनोळखी माणसं ठरवणार?" मग थिएटर कुठून मिळणार? एका लग्नाची पंगत उठली आणि दुसऱ्या लग्नाचं वऱ्हाड अजून यायचं आहे, अशा मधल्या वेळात मंगल कार्यालयात चादर टांगून तुम्ही तो दाखवायचात. दूर अंतराळातलं शहर बघताना आम्हाला मसालेभाताचा वास यायचा. घर चालायचं आईच्या पगारावर, आणि आई शिकवायची महापालिकेच्या शाळेत. रात्री पानं घेतली की ती विचारायची, "सरकारची आमटी वाढू, की आज तत्त्व आहे?" तुम्ही हसून वाटी पुढे करायचात.

दादाची मुलगी आता वकील आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. घरी आल्यावर मी तिला फोन केला, तर ती माझ्याहून जास्त तापली. "आत्या, आजोबांनी पानावर काहीही लिहिलेलं असू देत. नीट भांडलं तर यांना तो शेवट काढावा लागेल. तू फक्त हो म्हण, उद्या नोटीस जाते." 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. आणि नेमके तेव्हाच तुम्ही आठवलात. कॉलेजच्या मुलांनी तुमच्या एका कथेचा न विचारता फार्स केला होता आणि पहिल्या रांगेत बसून तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता. परतताना आई धुमसत होती, "चोरली हो त्यांनी तुमची गोष्ट!" तुम्ही म्हणालात, "चोरली कशी? माझ्याकडे आहे की अजून." मी भाचीला सांगितलं, नोटीस नको. "अगं, पण तू चिडली आहेस ना?" "चिडले आहे." "मग?" "मग चिडलेलीच राहीन." "धन्य आहेस," म्हणून तिने फोन ठेवला.

सगळ्या जगाला मोकळं सोडलंत आणि ते मोकळेपण सांभाळायला मला ठेवलंत. तुमच्या वतीने भांडायचं म्हटलं तर आधी तुमच्याविरुद्ध भांडावं लागतं. ही कसली तऱ्हा, बाबा? त्या मुलावर मी काय चिडू? त्याने तुमचं ऐकलं. तुमचं ऐकून तुमची गोष्ट मारली.

तुमच्या सिनेमाच्या शूटिंगची ती सकाळ काल रात्रभर डोळ्यांपुढे होती. आपण टेकडीवर आहोत. मार्केट यार्डातून आणलेल्या फळांच्या लाकडी पेट्यांना चंदेरी कागद चिकटवून तुम्ही यान केलं आहे, आणि आळीतली सगळी पोरं आत शिरून कालवा करताहेत. मी शाळेच्या गणवेशात बाहेर उभी आहे. आदल्या दिवशी मी तुमची चिठ्ठी शाळेत नेली होती, 'मुलगी उद्या येणार नाही. परवानगी मागत नाही, कळवतो.' सिस्टरनी ती दोनदा वाचली आणि मला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. तत्त्व तुमचं, उभी मी. आता कॅमेऱ्यामागून तुम्ही ओरडता, "रड, अजून रड, वा, छान!" आणि मी हमसून हमसून रडते. पुढे मंगल कार्यालयात बायका डोळे पुसायच्या, "काय काम केलंय हो पोरीनं!" आणि तुम्ही ऐटीत सांगायचात, "तिला काही शिकवावं लागलं नाही."

मी काम करत नव्हते, बाबा. मला आत जायचं होतं. आत सगळे एकमेकांना चिमटे काढत होते, कुणीतरी चिक्की फोडत होतं, आणि मला एकटीला बाहेर राहायचं नव्हतं. काल अंधारात ती मुलगी बोट धरून पायरी चढली आणि यानाचं दार लागलं, तेव्हा मला आधी राग आला नाही. राग दिवे लागल्यावर आला. त्याआधी, दार लागलं त्या क्षणी, मला हायसं वाटलं. हे मी त्या मुलाला सांगितलं नाही, भाचीला सांगितलं नाही, आणि तुम्ही समोर असतात तर तुम्हालाही सांगितलं नसतं.