राखणदाराची जागा

३ फेब्रुवारी १९८६
नोकरी लागली! भाऊंनी देवापुढे साखर ठेवली आणि विक्रोळीच्या आमच्या अख्ख्या मजल्यावर सांगून आले, की आमची लेक शुभा आता विमानं सोडणार. विमानं कसली सोडते! विमानतळावर जुनी फरसबंदी उखडून नवं काँक्रीट टाकणाऱ्या ठेकेदाराकडे मी देखरेखीला आहे. विमानं उभी राहतात त्या जागेला इथे एप्रन म्हणतात. अर्ध्या एप्रनवर खोदकाम, अर्ध्यावर विमानं. रोज सकाळी कामकरी बायका खांद्याला खांदा लावून रांगेने चालतात आणि सांडलेले खडे वेचतात. मागून मी. सगळं साफ दिसलं की मी हिरवं निशाण दाखवायचं. मगच विमान आत येतं. आमचे इंजिनियर कर्णिकसाहेब म्हणाले, की विमानाचं इंजिन जमिनीवरचं काहीही आत ओढून घेतं. हरभऱ्याएवढा खडासुद्धा आतल्या पंख्याची पाती वाकवतो.

मला मनातून हसू आलं. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. अक्षरं भाऊंनी घरी शिकवली, पण त्याआधीचा धडा आईचा, सुपातले तांदूळ निवडण्याचा. एक खडा राहिला तर सगळं निवडणं फुकट, म्हणायची.

५ फेब्रुवारी
बायका बहुतेक मालवणकडच्या. त्यांची मुकादम मालनमावशी. हात जलद, जीभ त्याहून जलद. मला ‘निशाणवाली बाय’ म्हणतात. मी वाकून वाकून बघते म्हणून त्यांच्यातल्या कुंदाने सगळ्यांदेखत विचारलं, की नवऱ्यालाही असंच निवडून घेणार काय गो? मीही हसले.

६ फेब्रुवारी
नव्या काँक्रीटच्या कडेला नारळाएवढा काळा दगड आहे, हळदीने पिवळा पडलेला. बायका सगळं उचलतात, तो तेवढा सोडून. रांग संपली की मालनमावशी त्याला हळदकुंकू लावते. तो हंयचो राखणदार, म्हणाली. विमानतळ नव्हतं, नुसतं गाव होतं, तेव्हापासूनचा. त्याची जागा कधी रिकामी ठेवायची नाही. मी विचारलं, एवढा दगड समोर असताना मी साफ म्हणून निशाण कसं दाखवू? मावशी म्हणाली, हात वर कर नि दाखव, त्यात काय शिकायचं आसा?

पण ते खोटं होईल.

७ फेब्रुवारी
बायका यायच्या आधी मीच दगड उचलला. उन्हं अजून आली नव्हती, तरी तो कोमट होता. बाजूला ठेवला असता तर त्यांनी परत आणला असता, म्हणून जुनं काँक्रीट फोडून खडी करणाऱ्या यंत्रात टाकला. ती खडी आजच्याच काँक्रीटमध्ये गेली. मग मी खरं निशाण दाखवलं.

मालनमावशीने रिकामी जागा पाहिली. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, की आता थंय कोण बसतला?

११ फेब्रुवारी
खडे वाढलेत. वेचून झालं की पाठीमागे पुन्हा एक. सगळे एका बाजूने पिवळसर. आज एका विमानाच्या इंजिनाची पाती वाकलेली निघाली. कर्णिकसाहेबांनी विचारलं, निशाण कुणी दाखवलं? मी. एप्रन साफ होता, शपथेवर सांगते.

१३ फेब्रुवारी
दुसरं विमान. टायर फाटला, पोटाच्या पत्र्याला भोक पडलं. मी नोकरी सोडते म्हटलं. साहेब म्हणाले, चौकशी चालू असताना सोडलीस तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. मग भाऊ मजल्यावर तोंड कसं दाखवतील?

१५ फेब्रुवारी
तांदूळ मी दोनदा निवडले होते. दोनदा. भाऊंच्या दाताखाली कचकन आवाज झाला. ते हसले. विमानं सोडता सोडता सूप विसरलीस होय गं, म्हणाले. ताटाच्या कडेला दाताचा तुकडा आणि खडा.

एका बाजूने पिवळा.

१८ फेब्रुवारी
निशाण दाखवलं नाही. खडे संपतच नव्हते. विमान थांबून राहिलं, खिडक्यांतून माणसं बघत होती. साहेबांनी निशाण माझ्या हातून हिसकावलं, स्वतःच दाखवलं. इंजिनातून आवाज आला — दाढेखाली खडा यावा तसा. मग धूर. माणसं विमानाच्या घसरगुंडीवरून उतरली. एका म्हाताऱ्याचा पाय मोडला. कुंदा म्हणाली, पुढचं पेटणार.

माझ्यामुळे.

१९ फेब्रुवारी
मावशीचे पाय धरले. फुटलेला राखणदार परत जोडता येत नाही, म्हणाली. जागा मात्र आहे. बसून बघ.

बसले. रांग गेली. एकही खडा नाही. विमान आलं, गेलं. इतक्या दिवसांनी मी खरं निशाण दाखवलं — बसल्या बसल्या.

२० फेब्रुवारी
उठले की समोर खडा. बसले की नाही. विमानं येतच आहेत. उठू कशी?

वही पिशवीत होती म्हणून —

२१ फेब्रुवारी
मावशीने हळदकुंकू लावलं. अगं, माझं लग्न नाही झालेलं, म्हटलं. ती बोटं पुसून रांगेत गेली. कुंदाला हाक मारली. तीही — नुसती हात जोडून गेली.

पाय दुखत नाहीत. हलतही नाहीत.

भाऊ फाटकाशी आलेत. साहेब त्यांना सांगताहेत, शुभा दोन दिवस कामावर आलीच नाही. भाऊ, मी इथे — इकडेच बघताहेत — चष्मा पुसला — पुन्हा बघितलं —

गेले.

— फेब्रुवारी
नवी मुलगी आलीय. हिरवं निशाण हातात. मन लावून करते. वाकून वाकून बघते. माझ्यापाशी थांबली. मावशीला विचारतेय, एवढा दगड समोर असताना साफ कसं —

नको गं. राहू दे. हात वर कर नि —

वाकली. तिचे हात माझ्या